अकरा चाळीसची नोंद

बॅगेत एकेचाळीस वस्तू होत्या. कपडे अकरा, कागदपत्रं नऊ, औषधं सात, भांडी चार. उरलेल्या दहा वस्तू कशासाठी होत्या ते फक्त गुरुजींना ठाऊक होतं: लाखेच्या दोन कांड्या, मेणबत्ती, काडेपेटी, सुतळीचं बंडल, कार्बन पेपर, फूटपट्टी, टाचण्यांची डबी, शाईचं पॅड आणि पितळी घंटी. मी खाटेवर मांडी घालून यादीवर खुणा करत होते, गुरुजी एकेक वस्तू उचलून तिचं नाव मोठ्यानं वाचत होते, आणि जिच्यासाठी हा सगळा पसारा मांडला होता ती माझी शालनआत्या दारात उभी राहून लसूण सोलत होती.

"घंटी कशाला?" तिनं विचारलं.

"ऑपरेशनच्या खोलीत कुणाचं लक्ष नसेल तर वाजवायची."

"मला भूल देणार आहेत ना?"

गुरुजींनी क्षणभर विचार केला. "भूल उतरल्यावर वाजव," ते म्हणाले आणि घंटी बॅगेत गेली.

बॅगेची चेन लावून झाल्यावर तिला सुतळी बांधायची आणि गाठीवर लाख वितळवून तिच्यावर रुपयाचं नाणं दाबायचं, असा नियम होता. बॅगेला सील करायची लाख बॅगेतच गेली तर सील कशानं करायचं, असं मी विचारलं. गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातून आणखी दोन कांड्या काढल्या. मी विज्ञानाची पदवीधर असून मला एवढं सुचू नये याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

ही आमची सातवी रंगीत तालीम होती.

आत्याच्या दोन्ही मूत्रपिंडांनी चार वर्षांपूर्वी संप पुकारला होता. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी साताऱ्याला डायलिसिस. तिचे यजमान रघुनाथ शिंगटे, ज्यांना अख्खी वाई गुरुजी म्हणते, त्यांना मधुमेह, म्हणून त्यांची किडनी चालेना. माझ्या वडिलांचा रक्तगट जुळेना. माझा जुळत होता, पण तो विषय आत्यानं एका वाक्यात निकालात काढला होता: "मी कधी पोरीची नेसलेली साडी घेतली नाही, किडनी काय घेते." राहता राहिली पुण्याच्या रुग्णालयातली प्रतीक्षा यादी. कुणाचा मेंदू मृत झाला आणि घरच्यांनी अवयव द्यायचं ठरवलं, की यादीतल्या माणसाला फोन येतो. फोन आल्यापासून चार तासांत हजर व्हायचं. एका किडनीसाठी रुग्णालय दोघांना बोलावतं, एक पहिला आणि एक राखीव. पहिला उशिरा आला, किंवा त्याच्या रक्तात काही वावगं निघालं, की किडनी राखिवाला.

मी तेव्हा रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन नोकरीची वाट बघत घरी बसले होते. हिला त्यातलं कळतं, या कारणावरून वडिलांनी मला दोन महिन्यांसाठी वाईला धाडलं. मी चौदा महिने राहिले.

गुरुजींनी तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. बोलत ते निवडणुकीबद्दल. एकोणीस वेळा ते मतदान केंद्राध्यक्ष झाले होते, एकदाही फेरमतदान झालं नाही, आणि त्यांनी लावलेलं सील बघून एका तहसीलदारानं उभं राहून नमस्कार केला होता, असं ते सांगत. तेव्हा रुग्णालयानं 'सदैव तयार राहा' असं पत्रक दिल्यावर त्यांनी तयारी करायची म्हणजे काय करायचं हे उघडच होतं. मला त्यांनी मतदान अधिकारी क्रमांक एक नेमलं. फोन आणि दैनंदिनी माझ्याकडे. शेजारचे नजीरभाई मुजावर, ज्यांची सात जणांची व्हॅन होती, ते वाहन अधिकारी.

"आणि मी कोण?" आत्यानं विचारलं होतं.

"तू मतदान यंत्र."

"म्हणजे मला सील करायचं, उचलून न्यायचं आणि मला कुणी काही विचारायचं नाही."

"बरोबर," गुरुजी म्हणाले. चेष्टा त्यांना उशिरा कळे, कधी कधी कळतच नसे.

पहिल्या तालमीत घर सोडायला एक तास अकरा मिनिटं लागली. तिसऱ्या तालमीत आम्ही अठ्ठावीस मिनिटांत निघालो, पण सुरूर फाट्याला गेल्यावर लक्षात आलं की आत्या घरीच राहिली आहे. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, म्हणून ती थांबली होती. सातव्या वेळी एकोणीस मिनिटं. प्रत्येक मिनिट मी दैनंदिनीत टिपलं. दैनंदिनीचा नियम गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. जे घडलं ते आणि तेव्हाच लिहायचं. जे घडायला हवं होतं ते लिहायला वर्तमानपत्रं आहेत.

माझी स्वतःची भर एवढीच, की मी आत्याच्या पेल्यावर खुणा केल्या. दिवसाला पाणी सातशे मिलिलिटर, चहा आणि आमटी धरून. त्याहून जास्त प्यायलं तर ते अंगात साठतं, लघवीच होत नसल्यानं बाहेर जायला वाटच नसते. आणि स्वयंपाकघराच्या दारावर एक तक्ता लावला: कशात किती पोटॅशियम. किडनी चालत नसेल तर पोटॅशियम रक्तात चढत जातं आणि हृदय बंद पाडतं. तक्त्यात सर्वात वर, लाल शाईत, शहाळं होतं. कारण आजारी माणसाला बघायला जायचं तर आपल्याकडे रिकाम्या हातानं जात नाहीत, आणि हातात असतं ते शहाळंच. आत्याच्या आजारपणाच्या पहिल्या वर्षी लोकांनी एकशे बारा शहाळी आणली होती. शेवटी गुरुजींनी फाटकावर पाटी लावली: 'शहाळी आणू नयेत. हुकमावरून.' मग लोक केळी आणू लागले. ती तक्त्यात दुसरी होती.

फोन बुधवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी आला. रुग्णालयाच्या समन्वयक आढाव मॅडम होत्या. एक किडनी मिळतेय, शालन शिंगटे यादीत पहिल्या आहेत, निघा, आणि आता तोंडात पाण्याचा थेंबसुद्धा नको. मी फोन कानाला धरून तेच शब्द मोठ्यानं म्हटले. आत्यानं हातातला झाडू भिंतीला टेकवला, सरळ टेकला का ते पाहिलं, आणि खाली बसली.

गुरुजींनी माझ्याकडून फोन घेतला. आता ते रडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "मॅडम, तोंडी आदेशावर केंद्र हलवता येत नाही. लेखी द्या."

पलीकडे काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण ते बरंच लांब होतं. शेवटी बिचाऱ्या बाईंनी मेसेज पाठवला: 'या.' गुरुजींनी तो दोनदा वाचला, मला त्यावर आवक क्रमांक घालायला सांगितला, आणि नऊ चाळीसला, म्हणजे अठ्ठावीस मिनिटांत, आम्ही निघालो. तालमीपेक्षा नऊ मिनिटं जास्त. त्यातली सहा मेसेजची होती.

मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्ष दर दोन तासांनी वरिष्ठांना टक्केवारी कळवतो. गुरुजींनी ते अंतरावर बसवलं होतं. सुरूर, शिरवळ, खेड शिवापूर, कात्रज. प्रत्येक ठिकाणी ते नजीरभाईंना गाडी बाजूला घ्यायला लावत, खाली उतरत, सदरा नीट करत आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून आढाव मॅडमना फोन लावत. चालत्या वाहनातून सरकारी अहवाल देणं त्यांना अशिष्ट वाटे. शिरवळला मॅडमनी सांगितलं, की कळवायची गरज नाही, फक्त या. गुरुजी मला म्हणाले, "वरिष्ठ तसं म्हणतातच. नंतर आपल्यावर शेकतं."

कात्रजला आम्ही थांबलो तेव्हा अकरा सदतीस झाले होते. गुरुजी उतरून फोनवर बोलू लागले. मागच्या चाकात हवा कमी वाटते म्हणून नजीरभाईही उतरले. गाडीत आत्या आणि मी.

आत्याच्या खिडकीला लागून शहाळ्यांची हातगाडी उभी होती.

तिनं काच खाली केली. "एक दे बाबा. पाण्याचं बघून दे."

"आत्या, नको."

"तू गप्प बस, अधिकारी क्रमांक एक."

गाडीवाल्यानं तीन घावांत शहाळं सोललं, तोंड उडवलं, नळी खोचून आत दिलं. आत्यानं नळी काढून त्याला परत केली. शहाळं दोन्ही हातांत धरलं, मान मागे टाकली आणि प्यायली. मला ते हिसकावून घेता आलं असतं. मी घेतलं नाही. चार वर्षं मी, किंवा माझ्या आधी दुसरं कुणीतरी, तिला पेल्यावरच्या खुणेनं पाणी मोजून देत होतं, आणि आता तिचा गळा घोटाघोटाला वरखाली होताना दिसत होता. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं. तिनं पुसलं नाही. सत्तेचाळीस सेकंद लागले. मी मोजले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

रिकामं शहाळं आणि पदराच्या गाठीतली नोट तिनं गाडीवाल्याला दिली आणि काच वर केली.

"हर्षदा, आज ते मला फाडणार आहेत. त्यातून मी उठेन न उठेन. तुझ्या गुरुजींच्या बॅगेत एकेचाळीस वस्तू आहेत, त्यांत हे कुठं नाही." तिनं ओठ पुसले. "मरायचं असेल तर मरेन, पण तहानलेली मरणार नाही. लिहायचं नाहीस. माझी शपथ आहे."

मी घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. दैनंदिनीतली ती ओळ मी कोरी सोडली. गुरुजी आत बसले, मॅडम फार थकलेल्या वाटतात म्हणाले, आणि आम्ही पुढे निघालो.

रुग्णालयात आम्ही बारा वाजून सहा मिनिटांनी पोचलो. चार तासांपैकी अजून एक तास सहा मिनिटं शिल्लक होती. आत्याला खाटेवर निजवून एका तरुण डॉक्टर मॅडमनी लगेच रक्त घेतलं आणि जुनी फाइल मागितली. फाइल बॅगेत होती. बॅगेला सील होतं. गुरुजी म्हणाले, सील प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या प्रतिनिधीसमोरच फोडता येतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

प्रतिस्पर्धी शेजारच्याच खाटेवर होता. दिनकर हांडे, नारायणगावचा, राखीव. त्याचा थोरला भाऊ मधुकर, टोपी मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेला. गुरुजी त्याच्यासमोर गेले, हात जोडले, आपलं नाव सांगितलं आणि प्रतिनिधी म्हणून यायची विनंती केली. असलं कुणी यापूर्वी मधुकररावांना विचारलं नसावं. तरी ते उठले, टोपी घातली, लाखेवरचा रुपया नीट निरखला आणि म्हणाले, "शाबूत हाय." दैनंदिनीत त्यांनी सही केली. मग गुरुजींनी सील फोडलं. या सगळ्याला चार मिनिटं लागली, आणि ती चारही मिनिटं त्या डॉक्टर मॅडम पेन बोटांत फिरवत उभ्या होत्या.

एवढ्यात रक्ताचा आकडा आला. पोटॅशियम पाच पूर्णांक तीन.

"छान," त्या म्हणाल्या. "साडेपाचच्या आत आहे. सरळ घेता येईल. आज काय काय खाल्लं-प्यायलंय?"

"आठ वाजून दहा मिनिटांनी अर्धा कप चहा," गुरुजी म्हणाले. "त्यानंतर काही नाही. एकोणीस निवडणुकांत माझी दैनंदिनी कधी खोटी ठरली नाही, मॅडम. अधिकारी क्रमांक एक, वाचून दाखवा."

मी वही उघडली. आत्या माझ्याकडे बघत होती. ती डोळे मोठे करत नव्हती, भुवया उडवत नव्हती. नुसती बघत होती.

रक्त घेतलं होतं बारा दहाला. शहाळं अकरा चाळीसला संपलं. मोठं शहाळं, चारशे मिलिलिटर धरलं तर हजार मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, आणि अर्ध्या तासात त्यातलं फार तर थोडं आतड्यातून रक्तात उतरलेलं. उरलेलं अजून वाटेत होतं. पाच पूर्णांक तीन हा आकडा खरा होता, पण तो अर्ध्या तासापूर्वीच्या आत्याचा होता. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. सांगितलं तर शेजारच्या खाटेवर दुसरा माणूस तयारच होता. नाही सांगितलं तर आत्या थेट आत जाणार होती.

"नऊ चाळीस, प्रस्थान," मी वाचलं. "नऊ पंचावन्न, सुरूर. दहा बेचाळीस, शिरवळ. अकरा चौदा, खेड शिवापूर. अकरा सदतीस, कात्रज." मग मी कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "अकरा चाळीस. शहाळं, एक. पूर्ण. इथं लिहिलेलं नाही, पण प्यायलीय. मी बघितलंय."

नजीरभाईंनी दारातून आत डोकावलं, सगळ्यांची तोंडं बघितली आणि परत गेले.

"घरभेदी," आत्या म्हणाली.

डॉक्टर तोंड उघडणार तोच मधुकररावांनी घसा साफ केला. या क्षणी जगात कुणाचा फायदा होणार असेल तर तो त्यांच्या भावाचा होता. ते स्टुलावरून उठले आणि सही करायला घेतलेलं पेन त्यांनी गुरुजींच्या हातात परत दिलं.

"मॅडम, आमच्या दिनकरनं येताना मिसळ खाल्ली. वरनं दोन केळी."

"दादा," दिनकर म्हणाला.

"गप ऱ्हा. ती पोरगी स्वतःच्या आत्याचं सांगतीया, न् मी तुझं झाकू?"

डॉक्टर मॅडमनी डोळे मिटले. कितीतरी वर्षं शिकून, रात्री जागून, त्या या दिवसापर्यंत आल्या होत्या. डोळे उघडून त्या शांतपणे म्हणाल्या, की दोघांचंही रक्त तासाभरानं पुन्हा घेऊ, आणि तोवर जो कुणी काहीही गिळेल त्याला त्या स्वतः बाहेर काढतील, नातेवाइकांसकट.

गुरुजी माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी वही घेतली आणि कोऱ्या ओळीत आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: '११.४० शहाळं १.' उशिरा केलेली नोंद म्हणून समासात सही केली आणि साक्षीला मधुकररावांची घेतली. त्यांचं पेन थरथरत होतं. गेल्या सातही तालमींत लाखेवर दाबताना नाणंही असंच थरथरायचं. लाख गरम असते म्हणून, अशी माझी तोवर समजूत होती.

मग ते आत्याच्या खाटेशी गेले. आता हे तिला बोलणार, म्हणून मी उठले.

"गोड होतं का गं?" त्यांनी विचारलं.

आत्यानं भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, "होतं. मलई राहिली खायची."

एक वाजून पंधरा मिनिटांनी दुसरा आकडा आला. आत्या सहा पूर्णांक दोन. दिनकर सहा पूर्णांक सहा. सहा पूर्णांक दोन घेऊन भुलेखाली गेली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ते मी अकरा वर्षांत गुरुजींना सांगितलेलं नाही.

जुळणीच्या चाचणीला तसेही पाच तास लागणार होते. तेवढ्या वेळात दोघांनाही शेजारी शेजारी डायलिसिसच्या मशीनला लावलं. किडनी एक आणि माणसं दोन, पण ती दोघं तास-दीड तास भांडली ती भलत्याच गोष्टीवरून: पथ्य मोडायचंच तर कशानं मोडावं. दिनकरचं म्हणणं, मिसळीनं. आत्याचं म्हणणं, मिसळीनं तहान लागते, म्हणजे पदरात दुप्पट पाप आणि हातात काहीच नाही. नजीरभाईंना पंच नेमलं होतं. त्यांनी निकाल राखून ठेवला.

साडेतीनला आत्याचं पोटॅशियम चार पूर्णांक चार होतं. सहा वाजून दहा मिनिटांनी जुळणीचा अहवाल आला. आत्याचं जुळत होतं.

मधुकररावांनी भावाचे कपडे पिशवीत भरले. घरून येताना आणलेला चिवड्याचा डबा त्यांनी नजीरभाईंना दिला, आता आम्हाला नको म्हणून. जाताना ते गुरुजींपाशी थांबले.

"आमचा नंबर लागंल तवा तुम्ही यायचं, गुरुजी. सील लावायला."

"लेखी कळवा," गुरुजी म्हणाले. त्यांनी कार्बन पेपर घालून आपला पत्ता लिहिला आणि वरची प्रत मधुकररावांना दिली.

सात महिन्यांनी मधुकररावांनी खरंच पोस्टकार्ड टाकलं: बॅग भरायला घेतली आहे, यावे. गुरुजी लाखेच्या चार कांड्या घेऊन एसटीनं नारायणगावला गेले. दिनकरला पुढल्या उन्हाळ्यात किडनी मिळाली, आणि त्या दिवशी तो उपाशीपोटी पोचला, असं मधुकररावांनी दुसऱ्या कार्डात कळवलं.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी सात वाजता आत्याला आत नेलं. स्ट्रेचर ढकलणाऱ्या माणसाला तिनं थांबवलं आणि मला जवळ बोलावलं. शपथ मोडल्याबद्दल ती काहीतरी बोलेल असं वाटलं. ती म्हणाली, घरी झाडू उघड्यावर राहिलाय, शेजारणीला आत घ्यायला सांग.

दुसऱ्या दिवशी आम्हाला काचेतून तिला बघू दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं पहिल्या चोवीस तासांचा तक्ता पूर्ण करून माझ्यापुढे धरला. गुरुजी बाकावर बसल्या बसल्या झोपले होते. मी त्यांना उठवलं नाही. त्यांच्या मांडीवरची वही अलगद काढून घेतली आणि तक्त्यातली शेवटची ओळ उतरवली.

लघवी, चोवीस तास: आठ हजार सहाशे चाळीस मिलिलिटर.